शेवटचा नमस्कार मी घातला तेव्हा

माझी फजिती मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगितली तर तो मीठमसाला लावंल, आन् ह्या गोष्टीला मसाल्याची गरजच नाय. आधी चहा पिऊन घ्या. मधीच सांडला तर मला बोल लावायचा नाय.

निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनला वीसेक वर्षं झाली असतील. मी दिवसभर लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचो आन् सुटी झाली की एका संगीत नाटक मंडळीत जायचो. पडदा ओढायला. शिक्षण माझं दुसरी, तीबी अर्धी. वखारीत मला ‘ए’ म्हणत, मंडळीत ‘किसनराव’. आता तुम्हीच सांगा, माणसाचा जीव कुठं रमंल? स्वभाव माझा तेव्हाबी असाच होता, बाभळीवाणी. तरी त्या लोकांनी मला बारा वर्षं सांभाळलं. तालमीला उशिरा पोचलो तर माझ्या वाटचे पोहे झाकून ठेवलेले असत.

पडद्याचं काम सोपं वाटतं तुम्हाला. म्होरचा मोठा पडदा खाली लाकडी दांड्याला बांधलेला, त्याचा दोर वरच्या कप्पीवरून विंगेत यायचा आन् खुंटीला बांधायचा. त्या खुंटीला मी जी गाठ मारायचो, ती माझ्याशिवाय कुणाला सुटत नसं. मुद्दामच तशी मारायचो. माझ्यावाचून नाटक संपता कामा नये, एवढंच.

तर आमच्याकडं नाटक संपायचं कसं, की सगळी मंडळी एका रांगेत उभी राहून शेवटचं पद म्हणायची, एकदम हात जोडायची आन् मी पडदा सोडायचो. कोण मोठा, कोण बारका, हा सवालच नव्हता. पण आमचे कुलकर्णी मास्तर, ते नाटक बसवायचे, ते गेले मुंबईला आन् नवं खूळ घेऊन आले. म्हणाले, तिकडं आता एकेक जण पुढं येऊन नमस्कार करतो. आधी बारके नट, मग मोठे, आन् सगळ्यात शेवटी येतो तो नाटकाचा खरा धनी.

मास्तर हे बोलले आन् तिथंच काडी पडली.

राजाचं काम करायचे बाबुराव, कचेरीत कारकून. राणीचं काम करायच्या सुमनताई, मुलींच्या शाळेत बाई. दोघंबी गळ्यानं असे, की ऐकताना माझ्यासारख्या दगडाला घाम फुटावा. बाबुराव म्हणाले, शेवटी मी येणार, नाटकात पदं माझी जास्त. सुमनताई हळूच म्हणाल्या, “पदं जास्त, व्हय. पण वन्समोअर कुणाला मिळतो, ते किसनरावांना विचारा. पडद्याआडून त्यांना सगळं ऐकू येतं.”

मला कशाला मधी घेतलं? मी म्हणालो, मला वन्समोअरचा ताप होतो, तेवढा येळ खुंटीपाशी ताटकळावं लागतं.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. नाटकात राजा-राणी म्हंजे जिवाला जीव देणारे! आन् हे दोघं प्रेमाचं पद म्हणताना, राजा बघायचा तबलजीकडं आन् राणी बघायची ऑर्गनवाल्याकडं. तबलजी तर बिचारा लाजायला लागला. मास्तरांनी लई उपाय केले. दोघं जोडीनं या म्हणाले, तर उजवीकडं कोण ह्यावर भांडण. चिठ्ठी टाकू म्हणाले, तर दोघंबी म्हणाले, कला काय चिठ्ठीवर ठरती का?

तेवढ्यात सिल्लोडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं बोलावणं धाडलं. सीझन संपून गोदाम रिकामं होतं, तिथं रविवारी दुपारी खेळ. सुमनताई म्हणाल्या, मी येत नाय. बाबुराव म्हणाले, मग मीबी नाय. मास्तर डोक्याला हात लावून बसले. मंडळी मोडायची चिन्हं दिसायला लागली. मंडळी मोडली की मी पुन्हा चोवीस तास ‘ए’. आन् मी भ्यालो की माझं तोंड सुटतं.

मी ओरडलो, “काय लहान पोरावाणी लावलंय? पडदा कोण पाडतो? मी! मग शेवटचा माणूस मीच. शेवटचा नमस्कार मी घालतो, तुम्ही दोघं जा चुलीत!”

टोमणा मारला हो मी. पण त्यांनी तो खराच धरला. मग सुमनताई म्हणाल्या, “किसनराव शेवटी येणार असतील, तर मी त्यांच्या आधी कधीबी यायला तयार आहे.” बाबुराव म्हणाले, “मी तर ताईंच्याबी आधी येतो.” मास्तर उठून माझ्या पाया पडायचेच राहिले होते.

ठरलं! बारा-पंधरा डोकी होती त्या खोलीत. मास्तर तर मुंबई बघून आलेले. पण ह्यात एक गोम आहे, हे एकाच्याबी टाळक्यात आलं नाय. माझ्याबी नाय. तालमी शाळेच्या खोलीत व्हायच्या, तिथं पडदा कुठला असायला?

मी मात्र फुगलो. शेजाऱ्याचा लग्नातला कोट मागून आणला. वखारीत ओंडक्यांच्या रांगेपुढं नमस्काराची प्रॅक्टिस सुरू केली. आमची कारभारीण धुरपदा डबा घेऊन आली, बघत राहिली आन् म्हणाली, “अवो, सागवानाला रामराम घालताय, इकडं बाभळीनं काय घोडं मारलंय?”

रविवारी सिल्लोडला खेळ काय रंगला, सांगतो. दोघांनी एकमेकांकडं बघून पदं म्हटली, आन् गोदामाचे पत्रे वाजायला लागले. मी विंगेत दोर खुंटीला आवळून बांधला, नेहमीपेक्षा दोन फेरे जास्त. मोठा दिवस होता ना! कोट चढवला. एकेक जण पुढं गेला, नमस्कार करून मागच्या रांगेत उभा राहिला. बाबुराव गेले, सुमनताई गेल्या. मग मास्तर म्हणाले, आमचे किसनराव! मी निघालो. पार पुढं गेलो, कडेपर्यंत. वाकून नमस्कार केला.

टाळ्या! वखारीत ‘ए’ म्हणणाऱ्यांनी ऐकायला पाहिजे होत्या. मी पुन्हा वाकलो. पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा वाकलो, तेव्हा जरा कमी झाल्या. चौथ्यांदा माझ्यासाठी मुद्दाम आलेली धुरपदा एकटी वाजवत होती. मग तीबी थांबली. मी उभा, मागं सगळी मंडळी हात जोडून उभी, पुढं लोक बसलेले. कुणाला उठावं का नाय कळंना. मी मनात म्हणतोय, हा पडदेवाला मेला कुठं? कामचुकार लेकाचा!

पहिल्या रांगेत एक दाढीवाले चचा होते. त्यांनी तोंडातलं पान गालात सारलं आन् शांतपणे विचारलं, “मियाँ, परदा कौन गिराता?”

मग डोक्यात उजेड पडला. पण आता नमस्कार घालणाऱ्यानं पळत जाऊन दोर सोडायचा? कोट घालून? पाय उचलंना माझा.

तेवढ्यात मागं हालचाल झाली. राजा विंगेत पळाला, त्याच्यामागं राणी. आन् गोदामभर ऐकू यायला लागलं. बाबुराव म्हणत होते, “ही काय गाठ आहे का सापाचं वेटोळं?” सुमनताई म्हणत होत्या, “तुम्ही दोर ताणून धरा, मी केसातल्या आकड्यानं सोडवते.” तीन आठवड्यांत नाटकाबाहेर त्यांनी एकमेकांना म्हटलेलं पहिलं वाक्य! मग “सुटली, सुटली” आन् धाडकन् पडदा आला.

माझ्या मागं.

बारा वर्षं पडदा पाडला मी, पण तो नेमका कुठं पडतो, हे विंगेतून मला कधी दिसलंच नव्हतं. मी कडेला उभा, पाठीशी पडदा, आत मंडळी हसून हसून लोळतेय. आत जायला वाट सापडंना. मी पडदा चाचपत फिरतोय आन् लोक आता अशा टाळ्या वाजवतायत, की राजा-राणीला मिळाल्या नसतील. शेवटी धुरपदानं खालून हात दिला आन् मला उतरवलं.

मंडळी मोडली नाय. परतीच्या ट्रकमधी बाबुराव आन् सुमनताई एकाच सतरंजीवर बसून माझी नक्कल करत होते. शेवटचा नमस्कार पुन्हा कुणी मागितला नाय. परत जुनीच रीत, सगळे एका रांगेत. फक्त एक नवीन झालं. शेवटचं पद संपलं की ते दोघं आधी विंगेकडं वळून मला हात जोडायचे, मग लोकांना. माझे हात दोरात अडकलेले. मी नुसती मान हलवायचो आन् डोळे कोरडे असल्याचं सोंग करायचो. ‘ए’चा किसनराव करणारी माणसं ती. आता दोघंबी नायत.

गाठ मात्र मी तेव्हापासून साधी मारायला लागलो. एका झटक्यात कुणालाबी सुटंल अशी.

न जाणो, पुन्हा कुणी शेवटी बोलावलं तर?