उकडीचं माप

मला गाड्यांतलं काही कळत नाही, असं आमच्या घरात कधीच ठरून गेलं आहे. बँकेत उभी हयात काढलेल्या बाईला पाना कुठला आणि पक्कड कुठली हे कळणार नाही, अशी बाबांची ठाम समजूत. तरी त्यांच्या गाडीसाठी गेल्या वर्षी मी जेवढी धावपळ केली, तेवढी माझ्या स्वतःच्या बढतीसाठीही केली नव्हती.

गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चार सिलेंडरची, गोल दिव्यांची, फिकट हिरवी. लालबाग सोडून आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो, तेव्हा सामान टेम्पोतून आलं आणि ही बाबांनी स्वतः चालवत आणली. त्यानंतर दर काही रविवारी आई, बाबा आणि मी तिच्यातून उत्तनला जायचो. ताजी मासळी घ्यायची, तिथल्याच डोंगरीचा चढ चढून वर समुद्राकडे तोंड करून बसायचं, डब्यातले पोहे खायचे आणि परत यायचं. आमची चैन ती एवढीच.

एका रविवारी त्या चढावर गाडी अर्ध्यात बसली. मागच्या दोन रिक्षावाल्यांनी उतरून ढकललं तेव्हा कुठे ती वळवता आली. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी गाडी चालवणंच सोडलं आणि काशीगावच्या एका जुन्या गाड्या घेणाऱ्या माणसाला विकायचा शब्दही देऊन टाकला. मग मी भांडले. भांडण ही माझी खरी कला आहे, त्यात मी कुणाला हार जात नाही. शेवटी असं ठरलं, की महिनाभर थांबायचं. तेवढ्यात बाबांच्या हातून गाडी डोंगरी चढली तर ठेवायची, नाही तर तो माणूस घेऊन जाईल.

पेणकरपाड्यात एका अंकलचं गॅरेज आहे. मूळचे उत्तनचे, बाबांच्याच वयाचे आणि बोलण्यात बाबांहून कंजूस. त्यांनी चारही प्लग काढले, एकेका भोकात मीटर लावून बघितला आणि मला म्हणाले, "गाडी मेली न्हाय बाय. दम कमी झाला हाय."

दम म्हणजे कॉम्प्रेशन. आत आलेली पेट्रोल मिसळलेली हवा पिस्टन जेवढी घट्ट दाबेल तेवढा जोर मिळतो. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या, व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या झडपा, घासून नीट बसवायचे होते. पण अंकलना त्यापुढे जायचं होतं. इंजिनाच्या डोक्यावर झाकणासारखं जे हेड असतं, ते खालच्या बाजूने मशीनवर किंचित तासायचं, म्हणजे वरची मोकळी जागा कमी होते आणि हवा जास्त दाबली जाते. हल्लीचं पेट्रोल तेवढा दाब सोसतं, असं ते म्हणाले. बाबा मला सोबत म्हणून गॅरेजमध्ये आले होते आणि लांब स्टुलावर पाठ करून बसले होते. हे ऐकल्यावर त्यांनी स्टूल जवळ ओढलं. मला इतका आनंद झाला, की मी उगाच सगळ्यांसाठी चहा मागवला.

हेड तासून आलं. आता जास्त तासलं गेलं, तर खाली येणारे व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून सगळं इंजिन खलास होतं. म्हणून पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती ठेवायची, हेड बसवून इंजिन हाताने फिरवायचं आणि परत उघडून चेपलेली माती किती जाड उरली ते बघायचं. तेवढीच मोकळी जागा. अंकलकडची माती नेमकी वाळून दगड झाली होती. बाबा म्हणाले, घरून कणीक आण, माती काय आणि कणीक काय. संध्याकाळच्या पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतला एक गोळा मी आईच्या नकळत उचलून आणला.

कणीक चांगली जाड उरली. बाबांचा चेहरा उजळला. एवढी जागा आहे तर आणखी थोडं तासूया, असं त्यांनी अंकलच्या मागे टुमणंच लावलं. हेड दुसऱ्या दिवशी सकाळी परत मशीनवर जायचं ठरलं.

रात्री जेवताना त्यांनी हे आईला मोठ्या ऐटीत सांगितलं. आईने आधी कणीक चोरल्याबद्दल मला झापलं. मग उरलेल्या कणकेचा गोळा ताटलीत ठेवून अंगठ्याने दाबला आणि म्हणाली, "बघा." खड्डा हळूहळू भरून वर आला. "पोळी लाटताना रोज बघते मी. कणीक दाबली की मागे येते. तुमचं माप खोटं आहे."

एक आयुष्यभर कारखान्यात मापं घेतलेला माणूस, एक बँकेची बाई, आणि दोघांना हे सुचलं नव्हतं.

सकाळी आईने तांदळाच्या पिठाची उकड काढली, मऊ मळली आणि डबा घेऊन पहिल्यांदाच गॅरेजमध्ये आली. उकड दाबली तशीच राहते. हेड बसवलं, फिरवलं, उघडलं. अंकलनी उकड ब्लेडने कापून तिची जाडी मोजली. जागा जेमतेम पुरेल एवढीच होती. आणखी तासलं असतं तर गाडी चढापर्यंतही पोचली नसती. अंकलनी आईला बसायला स्वतःची खुर्ची दिली. त्या गॅरेजमध्ये हा मान आजवर कुणाला मिळाला नसावा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही निघालो. बाबा चालवायला, मी शेजारी, आई मागे. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडली. इंजिनाचा आवाज बदलला होता, भरीव झाला होता. चढ सुरू झाला तशी मी सीटची कड घट्ट धरली. बाबांनी गिअर खाली टाकला आणि गाडीने मान वर केली ती थेट माथ्यावर जाऊनच थांबली. आई मागून टाळ्या वाजवायला लागली. मी ओरडतच होते.

बाबांनी हँडब्रेक ओढला. समोर समुद्र होता, होड्या होत्या, पण ते खाली आपल्या पायांकडे बघत होते.

"मागच्या वेळी मला वाटलं, माझाच पाय पेडलवर कमी पडला," ते म्हणाले. "म्हटलं, आता आपलं संपलं."

महिनाभर हा माणूस हे एकटा घेऊन बसला होता आणि आम्ही गाडीबद्दल भांडत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिथूनच काशीगावच्या माणसाला फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला.

"नाही हो, आता विकायची नाही," बाबा म्हणाले. "मी चालवतोय ना."