तीस दात आणि माझं पेन

"काका, पट्ट्या कोऱ्या झाल्या!" पल्लवी लॅबच्या आतून ओरडली. तीस दात, तीस कागदी पट्ट्या, आणि एकीवरही अक्षर नाही. मी धावत आत गेलो.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका डेंटल कॉलेजात टेक्निशियन होतो. पल्लवी आमची पीजीची विद्यार्थिनी, आर्वीकडची. घरी भाजीपाल्याची शेती, आणि घरातली ही पहिली डॉक्टर. तिचा थिसिस होता: दात मऊ करायला कोणतं केमिकल चांगलं? काढलेला दात मायक्रोस्कोपखाली बघायचा तर त्याचा पातळ पापुद्रा कापावा लागतो, आणि दात काही ब्लेडला दाद देत नाही. म्हणून आधी त्यातलं कॅल्शियम काढून घ्यायचं. नायट्रिक अ‍ॅसिड हे काम काही दिवसांत उरकतं, फॉर्मिक अ‍ॅसिडला आठवडे लागतात, ईडीटीए नावाचं सौम्य केमिकल मात्र महिनोन्‌महिने बसून राहतं.

तिन्हींत दहा-दहा दात मऊ करून झाले. मग सगळे एकाच दिवशी मशीनमध्ये घालून, त्यांतलं पाणी जावं म्हणून अल्कोहोलमधून काढायचे. प्रत्येक दाताच्या डबीत त्याची पट्टी, तो कोणत्या केमिकलमधला ते सांगणारी. पट्टी पेन्सिलनंच लिहायची, हा आमच्याकडचा पहिला धडा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

"पेनानं काऊन लिहिलं?" मी खेकसलो.

ती माझ्या खिशाकडे बघत राहिली. तेव्हा आठवलं. त्या दिवशी तिला पेन्सिल सापडेना, आणि मशीन लावायची घाई मलाच झाली होती. "हे घे, लिहून टाक," म्हणून पेन मीच दिलं होतं.

"स्लाइड पाहून ओळखू ना," मी म्हटलं. "नायट्रिकवाला खराब दिसते, ईडीटीएवाला साफ. तशी नावं टाकू. कोणाले समजते?"

"काका, मंग मी तपासलं काय? जे शोधून राह्यली तेच आधी धरून चालू?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर मला हे विद्यार्थिनीनं सांगावं! लाज वाटली.

मॅडमनी, म्हणजे तिच्या गाइडनी, दोघांना बोलावलं. "थिसिस मुदतीत आला नाही, तर परीक्षा हुकेल. पट्ट्या कोणी लिहिल्या?"

"मी," पल्लवी म्हणाली. पेनाबद्दल चकार शब्द नाही.

मीही क्षणभर गप्प राहिलो. तो क्षण अजून टोचतो. मग म्हटलं, "मॅडम, पेन माझं होतं. घाईपण माझीच."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "मग दोघं मिळून पुन्हा करा."

पेशंटची परवानगी घेऊन नवे दात जमवले. कमी पडले तेव्हा सिंदी गावच्या एका ओळखीच्या डेंटिस्टनं दिले. ईडीटीए वेळच्या वेळी बदलायला रविवारीही मी लॅबमध्ये जायचो. थिसिस मुदतीच्या दोन दिवस आधी पोचला. निकाल असा: नायट्रिक सगळ्यात झटपट, पण दातातला नाजूक भाग बिघडवणारं. ईडीटीए सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात स्वच्छ.

ती पास झाली त्या आठवड्यात तिचे वडील पिशवीभर वांगी घेऊन लॅबमध्ये आले. "पोरगी म्हणे, काका होते म्हणून झालं," ते हात जोडून म्हणाले.

पेनाचं तिनं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मग मीच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "असू द्या जी. वांगे घेजा."

आता रिटायर झालो, तरी खिशात पेन्सिलच असते. बँकेत फॉर्म भरायला पेन लागलं, तर मागून घेतो आणि लगेच परत करतो.