दांडी कोणी बांधली

तिला चर्चमधली सगळी मंडळी साक्षमावशी म्हणायची, आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. रविवारी उपासनेत पाळकांनी "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" असं विचारायचा अवकाश, की ही उभी. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. इतरांना त्यासाठी मोठ्या आजारातून उठावं लागायचं. मावशीला हरवलेली किल्ली सापडली तरी पुरायचं. एकदा गळका नळ आपोआप थांबला, त्याची साक्ष इतकी लांबली की पाळकांनी मध्येच गीत सुरू करायला सांगितलं. मागच्या बाकावरची मुलं तिची नक्कल करायची. पण आपण देवाचं काम करतोय, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आठवड्याचे बाकीचे दिवस ती एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या यंत्रावर असायची. दोन तापलेले रूळ. जोडीदारीण एका बाजूने ओली चादर घालायची, मावशी दुसऱ्या बाजूने कडक होऊन आलेली चादर धरायची. रुळांपुढे एक आडवी दांडी होती. तिला हात लागला की यंत्र जागच्या जागी थांबायचं. पंचाईत अशी, की जाड चादर लागली तरी थांबायचं आणि काम तुंबायचं. म्हणून मुकादमाने एके सकाळी जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि दांडी वर बांधून टाकली. तेव्हा यंत्रापाशी मावशी एकटीच होती. मुकादम तिच्याच मंडळीतला. नवरा गेल्यावर ही नोकरी त्यानेच तिला लावून दिली होती. ती त्याला भाऊ म्हणायची, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात जोडीदारणीचा हात रुळांत गेला. बोटं भाजली, कातडी सोलून निघाली. मालकांनी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "काम लवकर उरकावं म्हणून हात भाजला त्या बाईनेच दांडी बांधली होती." हे खरं धरलं, तर तिच्या उपचाराची जबाबदारी लाँड्री घेणार नव्हती, आणि नोकरीही जाणार होती. घरात दोन लहान मुलं.

मावशी तिला भेटायला दवाखान्यात गेली. हाताला हे एवढं मोठं बँडेज.

"मावशी, माझ्यासाठी साक्ष द्याल ना?" जोडीदारणीने विचारलं.

"देईन की! विचारायचं काय त्यात? तू बरी होऊन घरी ये, त्याच रविवारी देते."

"रविवारी नाही हो. सोमवारी, मालकांच्या ऑफिसात. तुम्ही यंत्राजवळच होतात. दांडी कोणी बांधली ते पाहिलंच असेल ना?"

"बघते," एवढंच मावशी म्हणाली आणि आणलेली फळं ठेवून उठली.

त्याच संध्याकाळी भाऊ तिच्या घरी आला. आवाज चढवला नाही, उलट चहा मागून घेतला.

"ताई, मी काय मुद्दाम केलं का? वरून कामाचा किती रेटा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. माझी नोकरी गेली तर पोराबाळांना घेऊन जाऊ कुठे? आपण एका मंडळीतली माणसं. खोटं बोला असं मी म्हणतच नाही. नुसतं गप्प राहा."

तो गेल्यावर तिने प्रार्थना केली. देवाकडून काही वेगळं उत्तर आलं नाही. खरं तर उत्तर तिला आधीच माहीत होतं. ती मागत होती ती सुटका. भाऊचा तिला राग येत होता, कीवही येत होती, आणि सगळ्यांत जास्त लाज वाटत होती ती स्वतःची. किल्ली सापडली म्हणून उभं राहायला कधी कोणाची भीती वाटली नव्हती. आता वाटत होती.

सोमवारी ऑफिसात तिला बोलावलं. भाऊ आणि हाताला बँडेज बांधलेली जोडीदारीण आधीच येऊन बसले होते. ती उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, "प्रथम मी देवाचे आभार मानते, की त्याने मला..."

"मावशी, मुद्द्याचं बोला," मालक म्हणाले.

"दांडी भाऊंनी बांधली. मी पाहिलं. हिने नाही बांधली."

तिच्या उभ्या आयुष्यातली ही सर्वांत छोटी साक्ष. भाऊ ताडकन उठला.

"हिला नोकरी कोणी लावली, ते विचारा!"

"भाऊंनीच लावली," मावशी म्हणाली. "तेही खरं आहे." आणि तिला रडू फुटलं.

जोडीदारणीच्या उपचाराचं लाँड्रीने पाहिलं. भाऊचं मुकादमपद गेलं. त्याला गाडीवर कपडे पोचवायचं काम दिलं. मंडळीत दोन तट पडले. आपल्याच माणसाला उघडं पाडलं, असं काहींनी मावशीला तोंडावर ऐकवलं. त्या रविवारी पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा ती बसूनच राहिली. तिचं लक्ष भाऊच्या रिकाम्या बाकाकडे होतं.

उपासना संपताच ती सरळ त्याच्या घरी गेली. दार त्यानेच उघडलं, तेही अर्धंच.

"आता कशाला आलात? माझ्याविरुद्ध साक्ष दिलीत ना? आता काय उरलंय?"

"तुमची बहीण उरलीय," मावशी म्हणाली. "उपासनेला आला नाहीत, म्हणून बघायला आले."

भाऊने दार लावलं नाही, पण आत या असंही तो म्हणाला नाही. तसाच मागे वळला आणि खुर्चीत जाऊन बसला. मावशीने चपला काढल्या आणि ती आत गेली.