आल्या की सांगते

सून घरातलीच, पण सासऱ्यांना ती फारशी कधी कळलीच नाही. ती औषधांच्या दुकानांसाठी मोबाइलचं अ‍ॅप बनवायची. त्यांच्या हृदयाच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि विचारलं की तिचं एकच उत्तर, "मागवल्यात बाबा, आल्या की सांगते." ही आपल्या तोंडाला पानं पुसतेय, असा त्यांना दाट संशय.

दुपारी ते गुपचूप तिच्या दाराशी कान देऊन उभे राहिले. ती फोनवर सहकाऱ्याला झापत होती. "अरे शहाण्या, मागणी पाठवली की फंक्शन लगेच मोकळं होतं, उत्तरासाठी थांबत नाही. दुकानाचं उत्तर मागाहून येतं, तेव्हा आपण सोबत दिलेला कोडचा तुकडा, ते क्लोजर, चालतं. 'औषध मिळालं' हे त्या क्लोजरच्या आत लिही, खालच्या ओळीत नको, ती उत्तराआधीच चालून जाते. आणि दुकानानं नाही म्हटलं तरी क्लोजर चालव, नाहीतर गिऱ्हाईक स्क्रीनवरचं फिरतं चाक बघत बसेल."

"आणि माझ्या गोळ्या?" सासरे आत शिरले.

"मागवल्या त्या दुकानात नाहीत, आत्ताच कळलं. चौकातल्या दुकानात आहेत. आणते जाऊन."

"मीही येतो."

"भरवसा नाही वाटतं माझ्यावर?"

"नाही."

"बरं, मग बूट घाला, बाबा."