सरळ भिंतींचं तळं

टाकीमास्तरांनी बांधलेली टाकी गळते असं कुणी म्हटलं, तर लोक आधी सांगणाऱ्याकडेच संशयाने बघत. उभा जन्म या गवंड्याने पाण्याच्या टाक्या बांधल्या. भिंत ओळंब्यात, कोपरा काटकोनात आणि आतून सिमेंटची घोटाई अशी की मुंगीचाही पाय घसरावा. शाळेशी फारसा संबंध आला नव्हता, तरी गल्लीने त्यांना मास्तर केलं आणि त्याच हिशेबाने बायकोला मास्तरीण. माणूस कष्टाळू, सरळ, पण म्हणेल ती पूर्व दिशा. त्यांना काही सुचवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मास्तरीण मात्र बोलघेवडी. दिवसभर तिची टकळी चालू असायची. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला, आणि टकळी बंद पडली. ती वॉकर घेऊन पुढच्या दारापर्यंत यायची, बाहेर बघायची आणि माघारी फिरायची. "तिचं मनच लागत नाही कशात," असं मास्तर सासरी गेलेल्या मुलीला फोनवर सांगायचे. बोलायची ती फक्त दोन कासवांशी. मुलीने लग्नाआधी आणली तेव्हा ती बिस्किटाएवढी होती, आता ताटलीएवढी झाली होती. प्लास्टिकच्या टबात राहायची. नावं थोरली आणि धाकटी.

मास्तरांना घर खायला उठायचं. ही अशीच आतल्या आत मिटत गेली तर काय, हा विचार त्यांना सोडेना. शेवटी त्यांनी ठरवलं, मागच्या बागेत, अगदी तिच्या खिडकीसमोर, कासवांना तळं बांधायचं. ती बघत बसेल, रमेल, पुन्हा बोलायला लागेल.

खड्डा अर्धा झाला तेव्हा खिडकीतून आवाज आला, "एवढं खोल कशाला?"

ती बोलली म्हणून मास्तरांना आनंद झाला, पण तोंडातून सवयीचंच निघालं, "टाक्यांतलं तुला काय कळतंय?"

मास्तरीण खिडकीतून मागे फिरली.

तळं झालं झकास. मास्तरांनी ते भरलं, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवरच होतं. नव्या सिमेंटमधल्या क्षारांचा जोर उतरावा म्हणून पाणी पुन्हा पुन्हा बदललं आणि मग दोघींना सोडलं. त्या सुळकन पोहायला लागल्या. मास्तरीण दिवसभर खिडकीत बसली. मास्तरांना वाटलं, जिंकलं!

पण संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, त्या भिंतीला सारखी नखं लावतायत. टबात मी वीट ठेवली होती त्यांना बसायला. इथे एखादा दगड तरी टाका."

"दगड टाकला की घाण साचते. आणि पाण्यातला जीव पाण्यात दमतो होय?"

"त्यांना बाहेर यायचंय."

"खेळतायत गं."

सकाळी धाकटी पाण्यावर तरंगत होती. हलली नाही. थोरली अजून भिंतीशी झगडत होती, पण तिच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. मास्तरांनी तिला उचलून टबात ठेवलं आणि धाकटीला झाडाखाली पुरलं. मास्तरीण चार शब्द सुनावेल, निदान आज तरी तोंड सोडेल, अशी त्यांना आशा होती. तिने खिडकी लावून घेतली. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तळ्याच्या काठावर बसून ते रडले.

मग डोळे पुसून त्यांनी छिन्नी-हातोडा आणला. दुसऱ्याचं बांधकाम त्यांनी पुष्कळ पाडलं होतं, आपलं कधीच नाही. एका बाजूची भिंत फोडून त्यांनी तळापर्यंत लांब उतार केला, वर खडबडीत दगड बसवले, घोटाई केलीच नाही. सगळं वाळून पाणी बदलून होईपर्यंत बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत घरात कुणी कामापलीकडे बोललं नाही.

थोरलीला पुन्हा सोडलं. ती उतारावर आली, घसरली, परत आली, आणि वर येऊन उन्हात मान ताणून बसली.

"अगं, बघ! आली वर!" मास्तर ओरडले.

खिडकी उघडली. मास्तरणीने कासवाकडे बघितलं. मग म्हणाली, "तिची तगमग मला पहिल्या दिवशी दिसली. माझी तुम्हाला अजून दिसली नाही."

"तुझी?"

"रोज दारापर्यंत येते ती काय हवा खायला? केवढ्या उंच पायऱ्या बांधल्यात तुम्ही! वॉकर घेऊन उतरू कशी? तुम्ही मुलीला सांगता, मन लागत नाही. मन लागतंय हो माझं. पाय पोचत नाहीत."

मास्तर तसेच हातोडा उचलून पुढच्या दाराकडे निघाले.

"थांबा!" ती कडाडली. "निघाले लगेच! उतार केवढा हवा, कठडा कुठल्या हाताला, आधी मला विचारा. धाकटीच्या वेळीही मी सांगतच होते."

मास्तरांनी हातोडा खाली ठेवला आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. "सांग," ते म्हणाले.