तिसरं पान कुणी वाचलं?

आधीच सांगते, मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

निवृत्तीनंतर मी पालघरला घरबसल्या एका ऑनलाइन कोर्सचे पेपर तपासते. विषय – मासळी स्वच्छ वाळवणं आणि पॅक करणं. परीक्षक आम्ही तिघं. मी, सफाळ्याची विशाखा आणि बोईसरचे चुरी सर. सरांचा अख्खा जन्म कारखान्याच्या लॅबमध्ये गेलेला, त्यामुळे गुण देताना हात भलताच आखडता! सिस्टीममध्ये चौथ्या परीक्षकाचीही जागा आहे, पण ती कधी भरलीच नाही.

एका रविवारी आम्ही सरांकडे जमलो. सगळ्यांनी एकच पेपर तपासायचा आणि गुण जुळवायचे, असा बेत. पेपर निघाला सातपाटीच्या हेमलता तांडेल यांचा. वहीच्या पानांचे फोटो पाठवलेले, पण दुसरं पान दोनदा आणि तिसरं गायब! ढगाळ हवेत बोंबील कसे वाळवाल, या मोठ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्याच पानावर.

"शून्य," चुरी सर म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"सर, नापास होतील हो त्या. बचतगटात शिकवायचं काम मिळणार आहे त्यांना, पास झाल्या तर," विशाखा म्हणाली.

वाद अर्धवट टाकून आम्ही जेवायला उठलो. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, आम्ही तिघं आणि सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आत एका टेबलावर. कुणीही मधे उठलं नाही, हे मी शपथेवर सांगते. परत येऊन बघते तर त्या प्रश्नाला गुण पडलेले – वीसपैकी सतरा. नाव: परीक्षक ४. खाली शेरा:

'जुनं जाळं उंच ताणून बांधायची युक्ती उत्तम. पण मधे झोळ पडेल, तिथे टेकू द्या.'

मी कोर्सच्या समन्वयकांना लगेच फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, त्या खात्याला अजून पासवर्डच दिलेला नाही!"

मग मी हेमलताताईंना फोन लावून शेरा वाचून दाखवला.

"मॅडम, जाल्याचा तर तिसऱ्या पानावर हाय. तुमाला कसा दिसला?"

"ते पान आलंच नाही ओ."

"अगो बाई! मंग वाचला कोनी? मी घरात पन कोनाला दाकवला नाय."

दोन मिनिटांत पानाचा फोटो आला. फोनमध्ये तो मुदतीच्या आधीच काढलेला होता, फक्त पाठवताना चूक झालेली. पानावर पेन्सिलचं चित्र – चार बांबू, ताणलेलं जाळं, त्यावर बोंबील. आणि मधे टेकू नव्हता! मी तो शेरा उघडून पुन्हा दोनदा वाचला. विशाखा मात्र टाळ्या वाजवत होती.

समन्वयकांनी ते पान मान्य केलं. हेमलताताई पास झाल्या, आता बचतगटातल्या बायकांना शिकवतात.

चुरी सरांनी आठवडाभर सगळे तर्क लढवले – हॅकिंग, सर्व्हर, आमच्यापैकीच कुणाची तरी खोडी. एकही टिकला नाही. माझ्याकडेही आजतागायत उत्तर नाही, आणि खरं सांगू? भीती अशी कधी वाटलीच नाही.

निकालानंतर हेमलताताई सुक्या बोंबलांची चार पाकिटं घेऊन बोईसरला आल्या.

"आम्ही तर तिघंच," मी म्हटलं.

"ह्या त्यांचा," चौथं पाकीट पुढे करत त्या अगदी सहज बोलल्या. "कोनी का आसंना, नीट वाचला ना त्यांनी!"

ते चौथं पाकीट आठ दिवस सरांच्या कपाटावर राहिलं. मग एका दुपारी वहिनींनी ते भाजलं आणि आम्ही मिटक्या मारत संपवलं. अजून तरी कुणाची तक्रार आलेली नाही.