पावडर लावलेलं पिल्लू

मंडळी, आज सकाळी गडमुडशिंगीला कुत्र्याचं पिल्लू बघायला गेलो होतो.

आमच्या सईला कुत्रा हवाय आणि तिच्या आईला, अश्विनीला, प्राण्यांची ॲलर्जी आहे. डॉक्टर म्हणाले, "जे पिल्लू आणायचंय, त्याच्याजवळच आधी चार वेळा बसून बघा."

अश्विनीने पिल्लू मांडीवर घेतलं आणि शिंकांचा सपाटा सुरू झाला. सई चपला घालू लागली.

पिल्लाच्या मालकीणकाकू ओशाळल्या. "सकाळीच आंघोळ घालून पावडर लावलीया त्याला."

"कुत्र्याला पावडर?" मी विचारलं.

"मग? पावणं बघायला येणार म्हटल्यावर नटवायला नको व्हय?"

अश्विनीला घरी पावडरच्या डब्यानेही शिंका येतात. काकूंनी पिल्लू ओल्या फडक्याने पुसून दिलं. ते मांडीवरच झोपलं आणि ती बराच वेळ बसली. एकही शिंक आली नाही.

एवढ्यावर निकाल लागत नाही, हे कळतं. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.

तुमच्यापैकी कुणी ॲलर्जी सांभाळून कुत्रा पाळलाय का? कसं जमवलंत?

निघताना अश्विनी काकूंना म्हणाली, "पुढच्या वेळी मातीत लोळलेलंच दाखवा. संसार त्याच्याशीच करायचाय."

सई गाडीत नावं शोधत होती.